निरंक म्हणजे नेमके किती?

बोरू: एप्रिल-मेमध्ये आमच्या प्रभागात टँकरच्या किती खेपा झाल्या, असं नगरपरिषदेला माहिती अधिकारात विचारलं होतं. तिसाव्या दिवशी उत्तर आलं: 'मुद्दा क्र. ३ – माहिती निरंक.' निरंक म्हणजे शून्य ना? मग माझी तुळशीची कुंडी कोणाच्या नळीने फुटली?

जुनं टेबल: निर् + अंक, आकडा नसलेला. शब्द मूळचा तक्त्यातला. मासिक विवरणपत्रात रकाना रिकामा सोडला तर मागाहून कोणीही काहीही भरेल, म्हणून तिथे 'निरंक' लिहायचं. नोकरीभर मीही लिहिलं. प्रलंबित प्रकरणे निरंक, म्हणजे एकही नाही. माहिती अधिकाराच्या उत्तरात मात्र हाच शब्द तीन ठिकाणी चालतो: घडलंच नाही; घडलं, पण नोंद ठेवली नाही; नोंद होती, पण आता सापडत नाही. सही करणाऱ्याला तिन्ही सोयीचे.

तिरकी रेघ: विधिमंडळातल्या उत्तरांमधलं 'प्रश्न उद्भवत नाही' हे त्याचंच भावंड. प्रश्नाच्या पहिल्या भागाला 'हे खरे नाही' म्हटलं की खालचे सगळे आपोआप गळतात. सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत टाळेबंदीत दगावलेल्या स्थलांतरित मजुरांबद्दल विचारलं गेलं. कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर: अशी आकडेवारी ठेवलेली नाही. मग भरपाईचा प्रश्न उद्भवला नाही. माझं लाडकं उत्तर मात्र 'हे अंशतः खरे आहे'. कोणता अंश, ते विचारायला पुढचं अधिवेशन उजाडतं.

जुनं टेबल: म्हणून बोरू, आकडा विचारूच नका. असलेला कागद द्यायला कायदा भाग पाडतो, नसलेला तक्ता तयार करायला नाही. टँकरच्या लॉगबुकच्या आणि ठेकेदाराच्या बिलांच्या प्रती मागा, नाहीतर अभिलेख पाहायला मागा. बिल निघालंय तर खेपा कुठेतरी लिहिलेल्या असणारच. निरंकवर कोणी डिझेल जाळत नाही. 'सापडत नाही' म्हणाले तर ते लेखी घ्या. महाराष्ट्रात २००५ चा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा आहे, त्यामुळे फाईल गहाळ झाली हे लिहून द्यायला हात जरा कचरतो. आणि पहिलं अपील ३० दिवसांच्या आत.

बोरू: लिहायला घेतलंच. पहिला मुद्दा: 'निरंक या शब्दाचा अर्थ कळवावा.'

जुनं टेबल: तो खोडा. 'सदर बाब माहितीच्या व्याख्येत येत नाही' असं छापील उत्तर तयारच असतं. लॉगबुक वर घ्या.