हेड केलं तरी गाडी मिसिंग मारू राह्यली

ब-३०४ : मंडळी, कन्नड घाटात गाडी तापली ते सगळ्यांना ठाऊकच आहे. इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) खोललं, फेसिंग करून सपाट केलं, मधलं गॅस्केट नवं टाकलं. काल आणली तर मिसिंग मारतेय, इंजिन मधूनमधून पेटच घेत नाही. उभ्या गाडीत स्टेअरिंग थरथरतं, डॅशबोर्डवरचा इंजिनचा चेक लाइट लुकलुकतो. गॅरेजवाला म्हणे दोन दिवस चालवा, सेट होईल. रविवारी लेकीला पुण्याला सोडायचंय.

अ-१०४ : सकाळी ६ ला रेस देत होतात. कच्च्या पेट्रोलचा वास थेट आमच्या खिडकीत. सासूबाईंना दमा आहे. गाडी गेटजवळ लावा.

नाना क-२०२ : भाऊ, लाइट लुकलुकतोय ना, मग अजिबात चालवू नको. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली जाळी वितळते. बिघाडाचा कोड दाखवणारा स्कॅनर लावला का?

ब-३०१ : नाना, तुमची एसटी डिझेलवर. तिला ठिणगीचा प्लग कुठे होता? 😀

नाना क-२०२ : पोरा, ३१ वर्षं वर्कशॉपात गेली. दाब, हवा, इंधन सगळीकडे लागतं.

ब-३०४ : लावला. पी ०३०३.

नाना क-२०२ : म्हणजे तिसरा सिलिंडर पेटत नाहीये. हेड बसवताना टायमिंगचा (व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळेचा) दात चुकला असता तर बहुतेक चारही बोंबलले असते. तिसऱ्याची कॉईल (प्लगला करंट देणारी) दुसऱ्यावर टाक. कोड ०३०२ झाला तर कॉईल गेली. तिसऱ्यावरच राहिला तर प्लग बघू, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब.

सेक्रेटरी : कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरता ठेवा.

ब-३०१ : बारशाचे ४७ फोटो कोणत्या कामाचे होते साहेब?

सेक्रेटरी : ते काढलेत मी. विषय वाढवू नका.

अ-१०४ : गाडी गेटजवळ लावा. दुसऱ्यांदा सांगतेय.

ब-३०४ : कॉईलची अदलाबदल करून पाहिली. कोड तिसऱ्यावरच. प्लग काढू?

नाना क-२०२ : थांब! इंजिन थंड होऊ दे. हेड अॅल्युमिनियमचं, गरम असताना काढलास तर आटे सोबत येतील. सहाला खाली येतो.

क-१०१ : नाना खाली उतरणार म्हणजे शेवभाजी ठरली. भाकरी माझ्याकडून 🙏

नाना क-२०२ : सापडलं. तिसरा प्लग पेट्रोलने ओला, पांढऱ्या चिनीमातीला केसाएवढी चीर. बसवताना पाना तिरका लागला असणार. ठिणगी चिरेतून बाहेरच पळते.

ब-३०४ : नवे चार टाकले. थरथर गेली, लाइट गेला. नाना, काय बोलू. हेडला एवढे पैसे दिले आणि घाई केली एका प्लगला. गॅरेजवाला आता फोन उचलत नाही.

नाना क-२०२ : पुण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घे. चारही आकडे जवळपास हवेत. हेड उघडलेल्या गाडीचा भरवसा आकड्यावर ठेवायचा.

अ-१०४ : आणि गाडी?

ब-३०४ : गेटजवळ लावली ताई. सकाळी सांगितलं तेव्हाच लावायला हवी होती. सासूबाईंना बरं वाटतंय ना?

अ-१०४ : आता बरं आहे. झोपल्यात.