देवयानीच का? – क्ष-किरण जोडताऱ्यांबद्दल

वर प्रश्न आलाय की आपल्याच आकाशगंगेत क्ष-किरण जोडतारे (सोबती ताऱ्याचं द्रव्य ओढून घेताना क्ष-किरण सोडणाऱ्या जोड्या) असताना 25 लाख प्रकाशवर्षांवरच्या देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेकडे दुर्बिणी कशाला वळवायच्या? मुख्य कारण अंतर. आपण आकाशगंगेच्या आत बसलोय. मध्ये धूळ, आणि बऱ्याच स्रोतांचं अंतर नीट ठाऊक नाही. मग एखादा खरोखर तेजस्वी आहे की नुसता जवळचा, हेच ठरत नाही. देवयानीतले सगळे स्रोत मात्र जवळपास सारख्याच अंतरावर, त्यामुळे त्यांची थेट तुलना करता येते. मला हा फायदा फार मोठा वाटतो.

'चंद्रा' या नासाच्या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीची नजर साधारण अर्ध्या विकलेची आहे (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग), म्हणजे देवयानीत सुमारे सहा प्रकाशवर्षं. गाभ्याजवळच्या गर्दीतले स्रोतही ती वेगळे दाखवते. 2012 साली अवकाशात गेलेली नासाची 'नुस्टार' दुर्बीण जास्त ऊर्जेचे क्ष-किरण टिपते. तिने तिथे 40 जोडतारे हेरल्याचं 2016 मध्ये जाहीर झालं. सोबत्याचं द्रव्य ओढून घेणारा न्यूट्रॉन तारा (मृत ताऱ्याचा अतिदाट गाभा) आहे की कृष्णविवर, हे ओळखायला हाच जास्त ऊर्जेचा पट्टा कामी येतो. न्यूट्रॉन ताऱ्याला पृष्ठभाग असतो, कृष्णविवराला नाही. त्यामुळे वर्णपटात फरक पडतो.

आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश वेधशाळेबद्दलही कुणीतरी विचारलंय. त्यावरची मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये घडलेली क्ष-किरण दुर्बीण छान आहे, पण तिची नजर काही कलांची (एक कला म्हणजे 60 विकला), त्यामुळे देवयानीच्या गाभ्यातली गर्दी तिला सुटी करता येत नाही. अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्याच अतिनील दुर्बिणीने मात्र देवयानीचं सुंदर सर्वेक्षण केलंय, ते जरूर बघा.