मदत हवी आहे : चेरीला फुलं रग्गड, फळ एकही नाही

आंबटगोड (१२ मे)

नमस्कार मंडळी. बागकामाच्या जुन्या धाग्यावर विचारणार होते, पण प्रश्न लांबलचक आहे म्हणून वेगळा धागा काढतेय.

आम्ही ओरेगनमध्ये हिल्सबरोला राहतो. २०२२ च्या जूनमध्ये हे घर बघायला आलो तेव्हा मागच्या अंगणातलं चेरीचं झाड इतकं लगडलेलं होतं, की घराआधी झाडच पसंत पडलं. (हप्ता भरताना नवरा दर महिन्याला याची आठवण करून देतो.) जुन्या मालकीणबाईंनी सांगितलं, ‘बिंग’ जातीचं आहे, वीसेक वर्षांचं. काळपट लाल, टपोरी, गोड चेरी. २०२३ लाही भरपूर आली.

मग २०२४ मध्ये मोजून पाऊण वाटी. आणि यंदा काहीच नाही. बरं, बहर आला नाही म्हणावं तर तसंही नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाड पांढरंशुभ्र झालं होतं. नंतर मोहरीएवढे हिरवे मणी दिसले, म्हटलं आता येतंय फळ. ते मणी पिवळे पडून आठ-दहा दिवसांत सगळे गळाले.

झाडाला रोग दिसत नाही. पानं छान आहेत. मागच्या वर्षी एका नर्सरीत विचारलं तर म्हणाले, शेजारी दुसरी कुठलीही चेरी लावा. म्हणून ‘रॉयल ॲन’चं रोप लावलं. ते अजून कमरेएवढं आहे, फुललं नाही. शिवाय समोरच्या फुटपाथवर गुलाबी गेंदेदार फुलांची चेरी आहेच.

काय चुकतंय?

पाटीलवाडा

खताचं बघा. युरिया आणि शेणखत द्या भरपूर. आमच्याकडे आंबा रुसला की आजोबा ताकाचा फवारा मारायचे, तेही करून बघा.

डोंगरकपार

पाटील, ताक पिऊन टाका. :) नत्र जास्त झालं तर नुसत्या फांद्या आणि पानं माजतील. पानं छान आहेत असं ताई म्हणतातच आहेत.

ताई, दोन प्रश्न. बहरात दव गोठलं होतं का? आणि २०२३ नंतर आजूबाजूला काही बदललं का? म्हणजे कुणाचं झाड गेलं वगैरे?

आंबटगोड

थंडी होती, पण पारा शून्याखाली गेला नाही. पाऊस मात्र होता, तो इथे असतोच.

आणि हो! कुंपणापलीकडच्या आजोबांनी २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांचं चेरीचं झाड तोडलं. गटाराच्या पाइपात मुळं शिरली होती. त्याचा काही संबंध आहे? त्यांची चेरी तर पिवळी-लालसर होती, वेगळीच.

डोंगरकपार

सापडलं. तुमचं झाड फळत होतं ते आजोबांच्या झाडाच्या जिवावर. पिवळी-लालसर म्हणजे बहुतेक ‘रेनियर’ असणार.

गोठलेल्या फुलाची खूण वेगळी असते. फूल उभं चिरलं तर आतला कोवळा गाभा काळा पडलेला दिसतो. पूर्ण उमललेलं फूल उणे दोन अंशांच्या आसपास मरायला लागतं, उणे चारला जवळपास सगळा बहर जातो. तुमच्याकडे तसं झालं नाही. मणी धरून पिवळे पडून गळणं म्हणजे आत बी धरलंच नाही. परागीभवन झालं नाही.

आता मुद्द्याचं. गोड चेरीच्या बहुतेक जाती स्वतःच्या परागावर फळत नाहीत. बिंग तर नाहीच. आणि ‘दुसरी कुठलीही’ चालते हे साफ खोटं आहे. चेरीत गोत्र पाहतात असं समजा. प्रत्येक जातीत ओळखीची दोन जनुकं असतात, परागाच्या एका कणात त्यांतलं एकच उतरतं. पराग फुलावर पडला की त्याची नळी खाली उतरायला लागते. परागाचं जनुक फुलाच्या दोनांपैकी एकाशी जुळलं तर ती नळी वाटेतच अडवली जाते. बिंग, लॅम्बर्ट आणि रॉयल ॲन या तिघांची दोन्ही जनुकं तीच आहेत. सगोत्र! तुमचं नवं रोप उद्या फुलांनी भरलं तरी बिंगला त्याचा काडीचा उपयोग नाही.

रेनियर ही बिंग आणि व्हॅन या गोड चेरीच्या दोन जातींच्या संकरातून १९५२ मध्ये वॉशिंग्टन राज्यात तयार झाली. म्हणजे बिंगची लेकच. पण तिचं एक जनुक वेगळं असल्यामुळे तिचा निम्मा पराग बिंगला चालतो, आणि निम्मा पुरतो.

आंबटगोड

अरे देवा. म्हणजे मी पैसे देऊन भाऊबंद आणून लावला? नर्सरीवाल्याने पत्रिका बघायला हवी होती.

समोरचं गुलाबी झाड तरी चालेल ना?

डोंगरकपार

नाही. ती शोभेची. गेंदेदार फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, आणि ती फुलते पण बहुतेक तुमच्यानंतर. आंबट चेरीही नको, तीही उशिरा फुलते.

लावायचीच असेल तर ‘लॅपिन्स’ लावा. एकटीही फळते आणि बिंगलाही चालते. ‘स्टेला’ पण चालेल, आपल्याच परागावर फळणारी नाव मिळालेली पहिली गोड चेरी ती, कॅनडातल्या समरलँडची, १९६८. रोप घेताना खुंट, म्हणजे कलम ज्याच्या मुळांवर बांधलंय ते झाड कुठलं, ते विचारा. ‘गिझेला’ खुंटावर झाड बुटकं राहतं आणि तीन-चार वर्षांत फळतं. ‘मॅझर्ड’ म्हणजे रानचेरीचा खुंट असेल तर सात वर्षंही लागतील आणि शिडी लागेल ती वेगळीच.

आंबटगोड

जागाच नाही हो. रॉयल ॲन उपटलं तरी तिथे झोपाळा ठेवायचं ठरलंय. चार वर्षं थांबायचं म्हणजे लेक कॉलेजात जाईल.

फुटाणे

मग कलम करा की त्याच झाडावर! कॅलिफोर्नियात माझ्या मित्राच्या एका झाडावर तीन जाती आहेत. जानेवारीत झाड झोपलेलं असताना लॅपिन्सच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या मिळवायच्या, ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायच्या. मार्चमध्ये बिंगचे डोळे फुगायला लागले की पाचर कलम, म्हणजे काडीचं टोक पाचरीसारखं तासून फांदीच्या चिरेत बसवायचं. दोन-तीन वर्षांत फुलते. त्या फांदीला लाल चिंधी बांधून ठेवा, नाहीतर छाटणीत तुम्हीच कापाल. मित्राने कापली होती.

आणि तोवर फुलांची बादली! पुढच्या एप्रिलला ओळखीच्यांकडे लॅपिन्स, व्हॅन किंवा रेनियर असेल तर फुललेल्या चार-पाच फांद्या मागून आणा, पाण्याच्या बादलीत घालून बिंगच्या फांद्यांत टांगून ठेवा. मधमाश्या बाकीचं बघतील.

डोंगरकपार

बादली उत्तम. पाणी रोज बदला. फांदीवर अर्ध्या कळ्या, अर्धी फुलं अशी बघून घ्या.

एक पुरवणी. तुमच्याकडे एप्रिलमध्ये गारठा आणि पाऊस, त्यात पोळ्यातली मधमाशी घराबाहेर पडत नाही. गवंडी माशी (मातीने घरटं लिंपणारी एकटी राहणारी मधमाशी, इंग्रजीत मेसन बी) त्याहून धीट, गारठ्यातही काम करते. दंडगोल पोकळ नळ्यांचं घरटं पूर्वेच्या भिंतीवर लावलं तर ती येते.

छाटणी मात्र पावसाळ्यात करू नका, म्हणजे तुमच्याकडच्या हिवाळ्यात. ओल्या हवेत कापलेल्या जागेतून जिवाणू शिरतात, डिंक गळायला लागतो आणि फांदीच्या फांदी वाळते. फळं उतरल्यावर कोरड्या उन्हात छाटा.

मावळतीकर

धागा छान चाललाय. अवांतर : बिंग ही तुमच्याच गावाजवळची, ओरेगनमधल्या मिलवॉकीची. १८७५ च्या सुमारास सेथ लुएलिंगच्या बागेत निघाली आणि तिथल्या चिनी मुकादमाचं, आह बिंगचं नाव तिला मिळालं. तो पुढे घरच्यांना भेटायला चीनला गेला आणि चिनी लोकांना बंदी घालणाऱ्या कायद्यामुळे परत येऊ शकला नाही असं सांगतात. व्हिसाच्या शिक्क्यासाठी भारतात जाऊन अडकलेल्यांनी यावर दोन मिनिटं बसावं.

सुगरण_साताऱ्याची

मी वाईला राहते. मला हे झाड कुंडीत येईल का? नर्सरीत चेरी म्हणून मिळतंय.

डोंगरकपार

ताई, ते बहुधा सिंगापूर चेरी किंवा बार्बाडोस चेरी असेल. दोन्ही छान झाडं, पण ही चेरी नव्हे. बिंगला हिवाळ्यात सातशे-आठशे तास कडक गारवा लागतो, तेव्हा कुठे डोळे जागे होतात. आपल्याकडे ती शिमल्याच्या वर नारकंडा, कोटगडला आणि काश्मिरात शोपियाँला होते. केकवरची लालभडक ‘चेरी’ तर बऱ्याचदा आपलं करवंदच असतं, पाकात रंगवलेलं. वाईत करवंदांना काय तोटा!

आंबटगोड (पुढच्या वर्षी, ९ जुलै)

धागा वर काढतेय, कारण हिशोब द्यायचाय.

मार्चमध्ये दोन कलमं केली, एक जगलं. चिंधी बांधली आहे. एप्रिलमध्ये नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाकडून रेनियरच्या फांद्या आणल्या. गाडीत मागच्या सीटवर वरातीसारख्या. बादली पश्चिमेच्या फांदीला टांगली आणि लगेच चार दिवस पाऊस. पाचव्या दिवशी ऊन पडलं तेव्हा माश्या दिसल्या.

फळ आलं! सगळीकडे नाही, बादलीच्या बाजूला दाट आणि पलीकडे विरळ. वरची पक्ष्यांनी नेली. जाळी अर्ध्याच झाडावर बसते. रॉयल ॲन ऑफिसवाल्यालाच दिलं, त्याच्याकडे रेनियर आहे, त्यांचं जमेल.

पण गेल्या आठवड्यात पिकायच्या ऐन वेळी पाऊस झाला आणि निम्म्या चेऱ्या देठापाशी फाटल्या. सालीतून पाणी आत शिरतं म्हणे. दोन किलो फाटक्या चेऱ्या ओट्यावर आहेत, उद्यापर्यंत बुरशी येईल. मुरांबा होईल का?

सुगरण_साताऱ्याची

होईल. आजच करा. चेरीच्या निम्मी साखर, चार लवंगा, शेवटी लिंबू. बिया आधी काढा आणि बियांसकट मिक्सरला लावू नका, फुटलेली बी विषारी असते. केसपिन असेल तर तिच्या आकड्याने बी झटकन निघते.