मदत हवी आहे: पाळी चुकलीय, टेस्ट निगेटिव्ह, आता कुणाला दाखवू?

ताया, नाव न सांगता विचारतेय, समजून घ्या. वय २२, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, एमपीएससीचा अभ्यास चालू आहे. पाळी येऊन दोन महिने उलटून गेलेत. संबंध आले होते, काळजी घेतली होती, तरी पोटात गोळा आलाच. मेडिकलमधून किट आणून सकाळच्या पहिल्या लघवीवर टेस्ट केली, आठवड्याने परत केली. दोन्ही वेळा एकच रेघ. म्हणजे दिवस गेले नाहीत असं धरून चालू, की बीटा एचसीजी, म्हणजे दिवस गेलेत का ते सांगणारी रक्ताची टेस्ट, करूनच घेऊ?

दुसरी शंका पीसीओएसची, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते त्या त्रासाची. हनुवटीवर राठ केस आलेत, मुरुमं जातच नाहीत. पण मेसचं जेवण धड जात नाही, जागरणं आहेत, वजन उतरलंय. त्यानेही पाळी लांबते ना? थायरॉइड, प्रोलॅक्टिन तपासतात एवढं वाचलंय. सोनोग्राफी पोटावरूनच होते का?

रूममेट म्हणते, पाळी आणायच्या गोळ्या घे आणि मोकळी हो. कारण कळल्याशिवाय मला त्या घ्यायच्या नाहीत.

एका दवाखान्यात गेले होते. भरल्या वेटिंग रूममध्ये "लग्न झालंय का?" आणि मग "आईला घेऊन ये". आई लातूरला, आणि मी सज्ञान आहे हो!

पेठेत किंवा डेक्कनला नीट ऐकून घेणाऱ्या लेडी डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? फी साधारण किती? ससूनच्या ओपीडीला जायचं तर किती वाजता पोचावं?

"लग्न कर, सगळं सुरळीत होईल" एवढं मात्र लिहू नका. ते मावशीने सांगून झालंय.