अनुभव धागा: परदेशातल्या ख्रिस्ती शाळेत मास्तरकी, पहिले दिवस

सुरंगी (वेंगुर्ले)
जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी झांबियाला निघतेय. मिशनची निवासी शाळा आहे, उत्तरेकडे, बेंबा बोलणाऱ्या मुलखात. विषय गणित. अकरा वर्षं इथे विनाअनुदानित तुकडीवर काढली, 'यंदा मान्यता येणार' हे ऐकत. आता पुरे. व्हिसाचं वगैरे होतंय, त्याबद्दल विचारत नाही. आईला वेगळीच काळजी, "थंय तुझा गाऱ्हाणा कोण घालतलो?" (म्हणजे देवापुढे तुझ्यासाठी मागणं कोण मागणार?) आणि खरं सांगायचं तर मलाही थोडी तीच आहे. रोज सकाळी प्रार्थना, रविवारी चर्च. मी हिंदू. हात जोडायचे, बांधायचे की खिशात घालायचे? ज्यांनी अशा शाळांत काम केलंय त्यांनी लिहा. सल्ले नकोत, काय घडलं ते सांगा.

रातांबा (मालवण)
झांबिया म्हटल्यावर राहवेना. २०१६ ते २०१९ तिथे भौतिकशास्त्र शिकवलं, तेही मिशनच्याच शाळेत. पहिल्या दिवशी मी असेंब्लीत मागे, भिंतीला टेकून उभा. पेटी नाही, तबला नाही, आणि चारशे पोरं चार वेगवेगळ्या सुरांत एकच गाणं गायला लागली. अंगावर काटा आला. हातांचं काय करायचं हे विसरूनच गेलो.

पुढे आठवड्याभरात एक गंमत कळली. तिकडे मोठ्या माणसाला होकार देताना 'एया मुक्वाई' म्हणतात, म्हणजे अदबीनं 'होय जी'. मी मनात म्हटलं, अरे, हे तर आपण गाऱ्हाण्याला साथ देताना म्हणतो ते 'व्हय म्हाराजा'! मग 'आमेन'चंही ओझं वाटेना. फादरनी काही मागितलं की सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं, एवढंच की.

मुलं वही द्यायला आली तर गुडघे किंचित वाकवून, ओंजळीनं हळू टाळ्या वाजवतात. मी पहिल्यांदा उलट टाळ्या वाजवल्या, वर्ग हसून लोळला. वर्गात चौपन्न जण. हुशार, पण शंका विचारणार नाहीत. सरांना प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा असं त्यांना वाटतं. ही खरी अडचण होती, प्रार्थना नव्हे. शेवटी चिठ्ठीवर शंका लिहून डब्यात टाकायची पद्धत सुरू केली.

वर्ष जानेवारीत सुरू होतं, तीन सत्रं. ऑक्टोबरात सगळ्यात जास्त ऊन, आपल्या मे महिन्यासारखं अंगावर येतं. १८ ऑक्टोबरला राष्ट्रीय प्रार्थनादिनाची सुट्टी असते, २०१५पासून. तिथे धर्म शाळेपुरता नाही हे ध्यानात ठेवा. १९९१ साली राष्ट्राध्यक्ष चिलुबांनी देश ख्रिस्ती असल्याचं जाहीर केलं, १९९६मध्ये ते घटनेत आलं. सरकारी बैठकसुद्धा प्रार्थनेनं सुरू होते. पण मला कोणी 'तू का म्हणत नाहीस' असं तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. 'तुझ्या घरी कशी प्रार्थना करतात' हे मात्र खूपदा विचारलं.

खाडीपलीकडची (रत्नागिरी)
माझी गोष्ट उलटी. मी मुसलमान, आणि शाळा सिस्टर लोकांची, दुबईत. वडील जहाजावर होते, त्यामुळे आखात घरात नवं नव्हतं. नन्सच्या हाताखाली काम मात्र नवं होतं. पहिल्या दिवशी वेळापत्रक बघितलं तर त्यात इस्लामिक स्टडीजचे तास! अमिरातीत मुस्लिम मुलांना तो विषय सक्तीचा, शाळा कोणाचीही असो. एका वर्गात तो तास, शेजारच्यात कॅटेकिझम, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण. मुख्याध्यापिका सिस्टर दोन्ही दारांवरून सारख्याच करड्या नजरेनं फिरायच्या. रमजानात मला शेवटचा तास कधी लावला नाही त्यांनी. मी मागितलं नव्हतं.

सुरंगी, कागदांचं विचारलं नाहीस तरी सांगते. माझी पदवी आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव. मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय, मग दूतावास, सगळ्या शिक्क्यांच्या फेऱ्या झाल्यावर तिकडच्या कारकुनानं विचारलं, ही बाई कोण? प्रतिज्ञापत्रासाठी दोन महिने गेले. तुझं आत्ताच बघ.

अबोली (सावंतवाडी)
तुम्ही सगळे बाहेरचे म्हणून घाबरता. मी जन्माची कॅथलिक, घरात पाच पिढ्यांचा क्रूस, आणि मलाच नापास केलं! अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती, पण कॅथलिक नसलेल्या शाळेनं अर्जासोबत श्रद्धेचं निवेदन सहीला पाठवलं. वाचलं तर त्यातली दोन कलमं आमच्या फादरनाही मान्य होणार नाहीत. मुलाखतीत विचारलं, येशूचा स्वीकार तुम्ही व्यक्तिशः केव्हा केलात? म्हटलं, वीस दिवसांची असताना बाप्तिस्मा झाला. पलीकडे शांतता. तिथल्या धार्मिक शाळांना आपल्या पंथाचे शिक्षक निवडायला कायद्यानं मुभा आहे, त्यामुळे भांडणार कशावरून?

वर्षानं एका कॅथलिक शाळेत काम मिळालं, जे-१ म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसावर, तीन वर्षांसाठी. ८ सप्टेंबरला मोंतीचा सण, मारियामातेचा जन्मदिवस. आमच्याकडे त्या दिवशी नव्या भाताची कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. मी उत्साहानं वर्गाला सांगायला गेले. मुलांनी विचारलं, भात झाडाला लागतो का? दोन तास त्यातच गेले. धर्म राहिला बाजूला, शेती शिकवली.

करवंद (देवरुख)
इंग्लंड, चर्च ऑफ इंग्लंडची शाळा. थोडक्यात लिहितो. फेब्रुवारी २०२३पासून भारतात शिकलेल्या गणित, विज्ञान, भाषा शिक्षकांना तिथल्या पात्रतेसाठी थेट अर्ज करता येतो, मी त्यातूनच गेलो. पात्रता हातात नसतानाही बाहेरून आलेल्या शिक्षकाला चार वर्षं शिकवता येतं. पहिला आठवडा बायबलचा नव्हे, बालसुरक्षेच्या नियमांचा. खुर्चीत रडणाऱ्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, तर सहकारी बाजूला घेऊन हळूच म्हणाली, दार उघडं ठेव आणि अंतर ठेव. आपल्याकडे तो हात म्हणजेच शिक्षक. हे पचायला मला प्रार्थनेपेक्षा जास्त वेळ लागला. डिसेंबरात चारला अंधार पडतो, त्याबद्दल तर बोलूच नका.

कातळफूल (राजापूर)
सगळ्यांचं गोड चाललंय म्हणून माझंही ऐका. पूर्व आफ्रिकेतली निवासी शाळा, नाव घेत नाही. करारात फक्त 'शिक्षक' असं लिहिलेलं. गेल्यावर कळलं, रात्री वसतिगृहाची पाळी, रविवारी मुलांना रांगेनं चर्चला न्यायचं, आठवड्यात एकही दिवस आपला नाही. चर्चला बसण्यात मला गैर वाटलं नाही. पण सुट्टी मागितली की 'ही सेवा आहे' हे उत्तर यायचं. पगाराच्या वेळी मात्र ती नोकरी व्हायची, नियमाप्रमाणे कापून! सात महिन्यांत परत आलो. सुरंगीताई, वसतिगृहाची पाळी किती आणि सुट्टीचा वार कोणता, हे लिहून घ्या.

सुरंगी
सगळ्यांचे आभार. कातळफूल, आजच त्यांना मेल केला. करारात खरंच फक्त 'शिक्षक' लिहिलंय. खाडीपलीकडची, माझ्या बीएडवर माहेरचं नाव आहे, उद्या ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी जाते. आईला 'एया मुक्वाई' सांगितलं. ती आता फोनवर त्याशिवाय बोलत नाही. रातांबा, शेवटचं: आई सोबत सुका जवळा बांधून देतेय. नेऊ?

रातांबा
मासळी विमानतळावर उघडायला लावतील, पंचाईत होईल. आणि गरजही नाही. तिथे कापेंटा मिळतो, तळ्यातली बोटभर मासळी, उन्हात वाळवलेली. बाजारात शिरलात की वासानंच कळेल कुठल्या बाजूला जायचं. कांदा-टोमॅटोवर परतायचा आणि न्शिमाबरोबर खायचा. न्शिमा म्हणजे आपली मोदकाची उकड, पण मक्याच्या पिठाची आणि घट्ट. फक्त आंबटाला आपली चव मिळत नाही. कोकमं न्या, वाळलेली, दोन पुड्यांत. आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची बाटली नेऊ नका. माझी राजधानी लुसाकापर्यंत पोचली होती, बॅगेत सांडलेल्या स्थितीत. पहिल्या असेंब्लीला गुलाबी डागांचा शर्ट घालून उभा होतो. भिंतीला टेकलो होतो ते त्यामुळेच.