दहातले नऊ किलोमीटर डांबरावर, मग टायर चिखलाचे का?

लांबपल्ला
फोर बाय फोर ट्रक हातात आला की पहिल्याच महिन्यात मड-टेरेन, म्हणजे खास चिखलासाठीचे, टायर आणि बाहेर आलेल्या रुंद रिमा चढवायच्या, ही पद्धतच पडली आहे. मला ती चुकीची वाटते. दोन वर्षं मी तेच टायर वापरले आहेत. माझी महिन्याची धाव दीड-दोन हजार किलोमीटर, त्यात कच्चा रस्ता जेमतेम दीडशे. त्या दीडशेपायी उरलेला सगळा प्रवास केबिनमधल्या अखंड घुमघुमीत गेला. ते एक वेळ सोडा, पण ओल्या डांबरावर ब्रेक दाबला की गाडी थांबता थांबत नसे. मड-टेरेनचे ठोकळे मोठे, त्यांच्यामधल्या खाचा रुंद. चिखल बाहेर फेकायला त्या हव्यातच, पण खाच जितकी रुंद तितकं रस्त्याला टेकणारं रबर कमी. माझं म्हणणं सरळ आहे: ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे टायर घ्या, आणि मूळ मापाचेच घ्या.

चिखलवाट
साफ असहमत. टायर निवडायचा तो अडचणीच्या दिवसासाठी. डांबरावर कुठलाही बरा टायर चालतो, चिकणमातीत चालत नाही. ऑल-टेरेनच्या खाचा ओल्या मातीने बघता बघता लिंपून जातात, आणि मग चाक जागेवरच फिरत राहतं. दगडांचं तर तुम्ही नावच काढलं नाहीत. टायरच्या बाजूला चीर गेली की तो टायर संपला, तिथे पंक्चरसारखं ठिगळ लावून भागत नाही. चांगल्या मड-टेरेनची बाजू जाड असते, त्यावरही ठोकळे असतात. आवाजाचं म्हणाल तर दर आठ हजार किलोमीटरला चाकांच्या जागा बदला. ठोकळे एका बाजूने झिजले की आवाज वाढतो, आणि बरेच जण इथेच आळस करतात.

लांबपल्ला
आवाज ही गैरसोय, मान्य. ओल्या रस्त्यावर ब्रेक न लागणं ही गैरसोय नव्हे. चिखलात रुतलात तर फावडं आहे, दोर आहे, वेळ आहे. महामार्गावर पुढची गाडी अचानक थांबली तर यातलं काहीच नसतं. शिवाय रुतण्याआधी हवा कमी करून पाहिलीत का? ३५ पीएसआयवरून १८-२० वर आणली की टायरचा तळ लांब पसरतो, आणि वाळूत किंवा मऊ मातीत तोच ऑल-टेरेन वेगळाच वागतो. मात्र डांबरावर चढण्याआधी हवा पुन्हा भरायचीच. कमी हवेवर वेगात पळालात तर बाजू सतत दुमडते, तापते आणि टायर फुटतो. म्हणून छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच.

मापपट्टी
दोघेही नक्षीवर भांडताय, पण गाडी बिघडते ती मापाने आणि रिमेने. २४५/७५ आर १६ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) काढून २६५/७५ आर १६ घातला तर व्यास ७७४ मिलिमीटरवरून ८०४ वर जातो. अ‍ॅक्सलखालची उंची यातली निम्मीच वाढते, म्हणजे १५ मिलिमीटर. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा तुम्ही जवळजवळ १०४ ने जात असता. चाक जड झाल्याने पिकअप आणि ब्रेक दोन्ही मंदावतात.

रिमेचा ऑफसेट, म्हणजे रिमेच्या मध्यापासून ती हबला टेकते त्या जागेचं अंतर, ३० मिलिमीटरवरून शून्यावर आणलात की चाक ३० मिलिमीटर बाहेर येतं. दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि स्टिअरिंग खड्ड्यागणिक हात ओढतं. २० इंची रिमेचा मोह तर मला कधीच कळला नाही. बाहेरचा व्यास तोच ठेवून रिम वाढवली की टायरच्या बाजूची उंची घटते, म्हणजे धक्का झेलणारं रबरच कमी. ब्रेक कॅलिपरला (चाकाच्या आतल्या ब्रेक आवळणाऱ्या भागाला) न घासणारी सगळ्यात लहान रिम घ्या. लोखंडी वाकते, पण ठोकून घरापर्यंत आणते. अलॉय हलकी असते, मात्र जबर मार बसला तर तडकते.

आणि लोड इंडेक्स वाचा. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलोपर्यंत वजन. साध्या टायरवरून एलटी (लाइट ट्रक) टायरवर आलात तर तेवढंच वजन पेलायला हवा जास्त लागते, दारावरच्या पट्टीवरचा हवेचा आकडा पुरत नाही. स्टेपनीही त्याच मापाची ठेवा.

चिखलवाट
रिमेबद्दल शब्द न् शब्द पटला, टायरबद्दल माघार नाही. मी दोन संच ठेवतो, दोन्ही आपापल्या रिमांवर. जॅक लावला की तासाभरात बदलून होतात.

लांबपल्ला
ज्याच्याकडे जागा आणि पैसे आहेत त्याने जरूर ठेवावेत. पण चिखलातून बाहेर पडून रात्री, पावसात, तीनशे किलोमीटर घरी येताना गाडीखाली मड टायरच असतात ना?

चिखलवाट
असतात. त्या रात्री मी सत्तरच्या वर जात नाही आणि पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवतो.

लांबपल्ला
म्हणजे ब्रेकचं माझं म्हणणं तुम्हालाही पटलेलं आहे.

चिखलवाट
ब्रेकचं पटलं. चिकणमातीचं तुम्हाला अजून पटायचं आहे.