ओआरपी 6.2 आला, पण विश्वास कितपत ठेवायचा?

प्रश्न (निपाणी): पेशंटचे शुक्राणू 8 लाख प्रति मिली, ओआरपी (ऑक्सिडेशन-रिडक्शन पोटेन्शियल, वीर्यातला ऑक्सिडेटिव्ह ताण दाखवणारा आकडा) 6.2. वीर्याचा नमुना घरून बेळगावला नेला होता. अँटिऑक्सिडंट सुरू करावं का?

उत्तर, लॅब: त्या आकड्यावर तरी नको. यंत्र मिलिव्होल्ट मोजतं, मग त्याला दशलक्षातल्या शुक्राणूसंख्येनं भागतात. 8 लाख म्हणजे 0.8 दशलक्ष; 4.96 ला 0.8 नं भागलं की झाले 6.2! संख्या कमी म्हणून आकडा फुगला. 1.34 ही ओआरपीची वरची मर्यादा शुक्राणूसंख्या प्रति मिली 1 दशलक्षाच्या वर असेल तरच लावा. शिवाय निपाणीहून बेळगाव सत्तरेक किलोमीटर, तेवढ्या वेळात रीडिंग बदलू शकतं. नमुना लॅबमध्येच द्यायला सांगा. पूर्ण पातळ झाल्यावरच 30 मायक्रोलिटर सेन्सरवर घ्यायचा. चिकट राहिला तर रीडिंग बिघडतं.

उत्तर, अँड्रॉलॉजी (पुरुष प्रजनन विभाग): पेरॉक्सिडेज स्टेन (पांढऱ्या पेशी ओळखणारी रंगचाचणी) केला का? गोल पेशी दिसल्या म्हणजे पांढऱ्या पेशीच असं नाही, अपक्व जननपेशीही तशाच दिसतात. पांढऱ्या पेशी प्रति मिली 1 दशलक्षाच्या वर असतील तर आधी संसर्ग शोधा. आणि 8 लाखांवर एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन (हार्मोन), कॅरियोटाइप (गुणसूत्रांची तपासणी), वाय-मायक्रोडिलीशन (वाय गुणसूत्राचा तुकडा गायब आहे का) हे पहिलं, ओआरपी नंतर.

प्रश्नकर्ता: स्टेन राहिलाय. व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा) आहे, तंबाखूही.

उत्तर, अँड्रॉलॉजी: मग ऑक्सिडेटिव्ह ताणाची दोन कारणं समोरच आहेत. तंबाखू आजच बंद करायला सांगा.